काम समोर ठेवताना

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून परतले. मागवलेला कॅमेरा पाठोपाठ आला, फिल्म आली, फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र आलं. नव्हता तो पैसा. चित्रपट काढायला एवढं भांडवल कशाला लागतं, हे तेव्हा मुंबईतल्या कुठल्या सावकाराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा त्याच्यासमोर रोखला आणि महिनाभर त्या रोपाची चित्रं थोडी थोडी करून घेतली. पडद्यावर ती सलग धावली तेव्हा दाणा फुटून वेल वर चढताना मिनिटभरात दिसला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचं नाव. फाळक्यांनी ती निवडक मंडळींना दाखवली. पाहणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्जाला होकार दिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

चित्रपटाच्या इतिहासात ही हकिकत दोन ओळींत उरकली जाते. मी ती वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो, कारण या पुस्तकाचा विषय तिच्यात जवळजवळ पुरा सामावला आहे. हरिश्चंद्राची गोष्ट पैसे देणाऱ्याला लहानपणापासून पाठ होती, त्याची शंका वेगळीच होती. हा माणूस हे यंत्र खरंच चालवू शकतो का, आणि त्यातून डोळ्यांना एरवी न दिसणारं काही दिसतं का? फाळक्यांनी नेमकं तेवढंच दाखवलं. त्यासाठी नट लागले नाहीत, सेट लागला नाही, घराबाहेर पडावं लागलं नाही. शिवाय दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या या उद्योगात त्यांचा स्वतःचा हातही कॅमेऱ्यावर बसला असणार. पुढच्या मोठ्या कामाची तालीमच होती ती.

आपल्या कला, वास्तुकला, डिझाइन, चित्रपट आणि नाटकाच्या वर्गांमधून मात्र मांडणी हे शेवटच्या आठवड्याचं काम समजलं जातं. मॉडेल चिकटवून झालं, फिल्म एडिट झाली, शीट्स प्लॉटरवरून आल्या की कुणीतरी म्हणतं, ‘चला, आता प्रेझेंटेशन बनवू.’ मग रात्रभर जागून स्लाइडी होतात आणि सकाळी ज्युरीसमोर झोपाळलेला मुलगा स्लाइडवरची वाक्यंच वाचून दाखवतो. माझं म्हणणं असं, की आपली कल्पना दुसऱ्याला सांगून बघणं हा ती घडवण्याचाच भाग आहे आणि त्याची सुरुवात पहिल्या आठवड्यात व्हायला हवी. दुसरं म्हणजे ही गोष्ट शिकवता येते. अमुक मुलगी मुळातच बोलकी आणि तमुक मुलगा मुळातच बुजरा असं म्हणून हात झटकणारे शिक्षक आपलं अर्धं काम सोडून देतात. मांडणीचं शिक्षण जगात कुठून कुठून आलं आणि त्यात कोणकोणत्या परंपरा मिसळल्या, हे माहीत असलं की शिकवणं पुष्कळ सोपं जातं. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

यातला सगळ्यात जुना आणि नीट नोंदलेला धागा वास्तुकलेचा. पॅरिसच्या एकोल द बोझारमध्ये एकोणिसाव्या शतकात विद्यार्थ्याला विषय मिळाला की त्याला एका खणात एकटं बसवत. ठरलेल्या तासांत, कुणाशी न बोलता, त्यानं आपल्या कल्पनेचा पहिला आराखडा, ज्याला तिथं एस्कीस म्हणत, काढून द्यायचा. नंतर आठवडेच्या आठवडे त्यावर काम चाले, पण मूळ एस्कीसपासून फारकत घेतली तर काम बाद. शेवटच्या दिवशी रेखाटनं हातगाडीवरून, म्हणजे शारेतवरून, गोळा करत. आजही आर्किटेक्चरची मुलं सबमिशनआधीच्या धांदलीला ‘शारेट’ म्हणतात, ते त्या गाडीवरूनच. ज्युरी मात्र बंद दाराआड बसे. विद्यार्थी बाहेर, त्याची शीट आत. जे काही सांगायचं ते रेखाटनानंच सांगायचं.

या पद्धतीतला अर्धा भाग मला आजही मोलाचा वाटतो. काही तासांत एक भूमिका घ्यायची आणि ती निभवायची, ही शिस्त आताच्या मुलांना फार कमी मिळते. आदल्या रात्री विषयच बदलणारे प्रकल्प मी पुष्कळ पाहिले आहेत. बंद दाराचा तोटाही तेवढाच मोठा होता. आपलं काम का पडलं किंवा का आवडलं, हे ऐकायची सोयच विद्यार्थ्याला नव्हती. विसाव्या शतकात ते दार हळूहळू उघडलं, विद्यार्थी शीटशेजारी उभा राहून बोलू लागला, बाहेरचे परीक्षक त्याला प्रश्न विचारू लागले. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात आणि पुढं राज्यभर निघालेल्या वास्तुकला महाविद्यालयांत आपण ज्याला ज्युरी म्हणतो, ती ही उघड्या दाराची ज्युरी.

दुसरा धागा जर्मनीतला. १९१९ मध्ये वायमार इथं बाउहाउस सुरू झालं. तिथल्या योसेफ आल्बर्स यांच्या प्राथमिक वर्गाची एक आठवण त्यांच्या विद्यार्थ्यानं लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले. या कागदातून काहीतरी करा, पण कागदाचा मान ठेवून करा, एवढं सांगून ते निघून गेले. मुलांनी बोटी केल्या, किल्ले केले, विमानं केली. आल्बर्स परतले, सगळं जमिनीवर मांडलं आणि बोलायला लागले. बोट लाकडाची चांगली होते, किल्ला दगडाचा. मग त्यांनी एक काम उचललं. एका मुलानं कागदाला लांबीत फक्त एक घडी घातली होती आणि तेवढ्यानं लुळा कागद आपल्या पायावर उभा राहिला होता. हे कागदालाच जमतं, म्हणून हे चांगलं, असं आल्बर्सनी सगळ्यांसमोर समजावलं.

या प्रसंगात कामाचं कौतुक आहे, तसा बोलण्याचा एक नवा नमुनाही आहे. सगळी कामं एकत्र, जमिनीवर मांडलेली. चर्चा ‘तू हुशार की मठ्ठ’ याबद्दल चाललेली नाही, कागद काय करू शकतो याबद्दल चालली आहे. एकाच्या कामाबद्दलचं बोलणं बाकीच्यांनाही ऐकू येतं. आज ज्याला ‘क्रिट’ म्हणतात त्याचा चांगला अवतार हाच. यात मुलाला आपल्या कामाची बाजू लढवावी लागत नाही, कामाकडे नीट पाहायला मात्र शिकावं लागतं. आणि पाहता आलं की सांगणं फार अवघड राहत नाही.

बाउहाउसची ही शिकवण पुढं १९५३ ते १९६८ या काळात उल्म इथल्या डिझाइन विद्यालयातून जास्त काटेकोर, जास्त शास्त्रीय होत गेली. तिचा एक झरा भारतात आला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र, म्हणजे आपलं आयडीसी. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी स्वतः उल्मला शिकून आलेले. त्याआधी, १९५८ मध्ये, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला होता. त्यात आपला साधा लोटा घेऊन त्यांनी प्रश्नांची रांग लावली आहे. पाणी किती मावावं? उचलणारे हात कुणाचे, केवढे? डोक्यावरून न्यायचा, कमरेवर, की हातात? रिकामा असताना तोल कुठं, भरल्यावर कुठं? ओतताना धार कशी पडते? हाताला कसा लागतो? आवाज कसा येतो? किंमत काय? मोडीत काय मिळेल? प्रकल्पाची ओळख करून द्यायला यापेक्षा चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. लोट्याची स्तुती ते थोडक्यात उरकतात, बाकी सगळे प्रश्नच. प्रश्न वाचता वाचता तो केवढ्या विचारानं घडत आला असेल, हे वाचणाऱ्यालाच कळत जातं. या पुस्तकातला प्रश्नांवरचा लेख याच अहवालाच्या आधारानं उभा आहे.

तिसरी परंपरा चित्रपटाची, आणि ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मुंबईच्या सिनेधंद्यात लिहिलेली पटकथा वाचून होकार देणारे निर्माते पूर्वी विरळाच. तिथं ‘नॅरेशन’ चाले. लेखक बैठक मारून अख्खी गोष्ट संवादांसकट, पार्श्वसंगीतासकट सांगत असे. ‘शोले’ची सुरुवात सलीम-जावेद यांच्या चार ओळींच्या कल्पनेपासून झाली. त्या ओळींत मुख्य माणूस निवृत्त लष्करी अधिकारी होता आणि त्यानं बोलावलेले दोघे सैन्यातून काढलेले जवान होते. लष्कराचं चित्रण करायचं तर परवानग्यांची अडचण, म्हणून त्याचा पोलीस अधिकारी झाला आणि ते दोघे भुरटे चोर झाले. घरदार उद्ध्वस्त झालेला माणूस भाड्याच्या हातांनी सूड उगवतो, हा कणा मात्र जागचा हलला नाही. मी मुलांना हे मुद्दाम सांगतो. पिच केलं, म्हणजे पैसे देणाऱ्यासमोर मांडलं, की आपली कल्पना दुसरे बदलून टाकतील, ही त्यांची मोठी धास्ती असते. कल्पनेत काय बदललं तरी चालेल आणि काय बदललं तर ती मरेल, हे मांडणाऱ्याला आधी उमगलेलं असलं तर ती धास्ती पुष्कळ कमी होते.

सत्यजित राय यांनी वेगळी वाट धरली होती. ‘पथेर पांचाली’साठी निर्मात्यांची दारं ठोठावताना त्यांच्या हातात रूढ पटकथा नव्हती, शाईच्या रेखाटनांची वही होती. जाहिरात संस्थेत काम करणारा हा चित्रकार आपला चित्रपट कागदावर आधीच पाहत होता. निर्मात्यांना वहीनं भुरळ घातली नाही आणि पुढं पैसे राज्य सरकारकडून आले. तरीही चित्रपटाची दृष्टी त्या वहीत पक्की झाली. नकार मिळालेली मांडणी वाया जातेच असं नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता या परंपरेला संस्थांचं रूप आलं आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट संस्था सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्याला डिप्लोमा फिल्म करण्याआधी आपली कल्पना शिक्षकांसमोर आणि सहकाऱ्यांसमोर ठेवावी लागते. त्याच संस्थेतल्या चिदानंद नाईक यांच्या छोट्या फिल्मला २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. तिची गोष्ट एका वाक्यात मावते: म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि गावात उजाडायचंच थांबतं. कन्नड लोककथेवर बेतलेलं हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात लगेच चार प्रश्न उभे करतं. कोंबडा कशाला चोरला? गाव काय करतं? अंधारात शूटिंग कसं केलं? सूर्य पुन्हा उगवतो का? चांगलं पिच ऐकणाऱ्याला गप्प करत नाही, बोलतं करतं. गोव्यात २००७ पासून भरणाऱ्या फिल्म बाजारात देशोदेशीचे निर्माते नवे प्रकल्प ऐकायला येतात. माहितीपटांसाठी १९९३ मध्ये आम्स्टरडॅमला सुरू झालेल्या फोरममध्ये हेच काही मिनिटांत, भरल्या सभागृहात करावं लागतं. तिथं टिकायचं तर ट्रेलर, अंदाजपत्रक आणि ‘ही फिल्म तुम्हीच का करायची’ या प्रश्नाचं उत्तर जवळ लागतं.

नाटकाबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. १९६३ पासून पुण्यात चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या तयारीत कॉलेजच्या कट्ट्यावर जे होतं, ते पिचच असतं. दोन-तीन संहिता हातात, वाचन लावलेलं, कुणीतरी सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाचतो, मग ‘शेवट पटत नाही’, ‘हे आपल्याला झेपणार नाही’, ‘सेट कुठून आणायचा’ अशा वादावादीतून एक संहिता उभी राहते. या वाचनात शिकलेली मुलं पुढं कुठल्याही धंद्यात गेली तरी चारचौघांत आपलं म्हणणं नीट मांडतात, असा माझा अनुभव आहे. गणपतीच्या मंडळात वर्गणी मागताना दुकानदाराला यंदाचा देखावा समजावणाऱ्या पोरांनाही हे शिक्षण आपोआप मिळतं. आपण त्याला शिक्षण म्हणत नाही, एवढंच.

गेल्या वीसेक वर्षांत या जुन्या परंपरांवर धंद्याची आणि स्पर्धेची एक नवी परंपरा येऊन बसली आहे. तिची साधनं सगळ्यांना माहीत आहेत. टोकियोत २००३ मध्ये दोन वास्तुविशारदांनी सुरू केलेल्या पेचाकुचात वीस चित्रं, प्रत्येकाला वीस सेकंद. क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केलेल्या प्रबंध स्पर्धेत तीन मिनिटं आणि एकच स्लाइड. आपल्याकडे विद्यापीठांची आविष्कार स्पर्धा, २०१७ पासूनचं स्मार्ट इंडिया हॅकेथॉन, आणि आता टीव्हीवरच्या गुंतवणूकदारांच्या कार्यक्रमांमुळे घराघरात पोचलेला पिच हा शब्द. वेळेची मर्यादा चांगली गुरू आहे, हे मान्य. तीन मिनिटांत काय सोडायचं हे ठरवताना काय धरायचं ते कळतं. पण या परंपरेचा साचा, म्हणजे आधी समस्या, मग उपाय, मग बाजारपेठ, मग टीम, हा प्रत्येक कामावर बसवायचा हट्ट मला घातक वाटतो. कवितेवरची अ‍ॅनिमेशन फिल्म कुठली समस्या सोडवते? वारल्यांच्या एका पाड्यातल्या भिंतींची नोंद करणाऱ्या मुलीनं बाजारपेठेचा आकडा कुठून आणायचा? तिला तो आणायला लावला तर ती खोटा आणेल आणि खोटं बोलायची पहिली सवय तिला आपणच लावलेली असेल.

स्लाइडींबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आलं आणि आज ते इतकं सर्वत्र आहे की त्यामुळे विचाराला कसा आकार येतो, इकडे कुणाचं लक्ष जात नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं आणि कल्पना चावलासह सातजणांचा मृत्यू झाला. उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच त्या आघाताचा अभ्यास अभियंत्यांनी स्लाइडींवर मांडून वरिष्ठांना दाखवला. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्यातल्या एका स्लाइडचं केलेलं विश्लेषण पुढं जगभर वाचलं गेलं. मथळ्याचा सूर धीर देणारा होता. प्रत्यक्ष सुटलेला तुकडा चाचण्यांतल्या तुकड्यांपेक्षा आकारमानानं शेकडो पटींनी मोठा होता, म्हणजे त्या चाचण्यांच्या भरवशावर निर्धास्त होण्यात अर्थ नव्हता. ही बाब स्लाइडच्या तळाशी, ठिपक्याखालच्या ठिपक्यात, बारीक अक्षरांत होती. चौकशी मंडळानंही तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडी वापरायच्या सवयीवर बोट ठेवलं. यानाचा नाश स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक लिहायची सवय मात्र माझ्या विद्यार्थ्यांच्या स्लाइडींवर मला दर सत्रात दिसते आणि मी ती गांभीर्यानं घेतो.

अशीच एक गोष्ट एका ज्युरीतली. एसटी स्टँडवरच्या पाट्यांचा प्रकल्प होता, मुलगी सांगोल्याकडची. पहिली स्लाइड: ‘एन्हान्सिंग पॅसेंजर एक्स्पीरियन्स’. मग रंगांचे नमुने, टाइपफेसचे नमुने, परदेशी विमानतळांचे फोटो. ती इंग्रजीतून बोलत होती, प्रत्येक वाक्याला अडखळत होती आणि परीक्षकांच्या माना घड्याळाकडे वळायला लागल्या होत्या. एका परीक्षकांनी विचारलं, ‘अगं, तू स्टँडवर जाऊन उभी राहिली होतीस ना? काय बघितलंस ते सांग की.’ ती मराठीत बोलायला लागली. ‘सर, गाडी फलाटाला लागेपर्यंत कुणी थांबतच नाही. ती आत वळली की लगेच पळतात, खिडकीतनं रुमाल टाकायला. वळताना गाडीची बाजू दिसते. आणि पाटी तर पुढं असते. म्हणून सगळे पळता पळता एकमेकांना विचारतात, कुठली, कुठली? म्हाताऱ्या बायका पाटीकडं बघतच नाहीत, त्या थेट कंडक्टरला गाठतात.’ परीक्षकांनी विचारलं, हे कुठं नोंदवलंय का? तिनं पिशवीतून वही काढली. वहीत फलाटाचा नकाशा होता, पेन्सिलनं. गाडी वळताना लोक कुठं उभे असतात त्या जागी ठिपके, पळण्याच्या दिशेला बाण, म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी खूण. ते पान तिनं प्रेझेंटेशनमध्ये घेतलं नव्हतं, कारण ते ‘रफ’ होतं.

प्रकल्प त्या पानावर होता. पाटी गाडीच्या कुशीला, दाराच्या वर, वळणावरून वाचता येईल एवढी मोठी असावी, हा तिचा निष्कर्ष त्या ठिपक्यांतून थेट निघत होता. ठिपके पाहिल्यावर एकाही परीक्षकानं टाइपफेसबद्दल प्रश्न विचारला नाही. या प्रसंगातून इंग्रजी नकोच असा अर्थ कुणी काढू नये. फिल्म बाजारात, परदेशी शिष्यवृत्तीसाठी, कंपनीच्या मुलाखतीत इंग्रजी लागतं आणि ते आपल्या मुलांना आलंच पाहिजे. पण ज्या भाषेत पाहिलं, त्या भाषेत आधी सांगून व्हावं आणि मग दुसऱ्या भाषेत न्यावं. उलट्या क्रमानं गेलं की पाहिलेलंच गळून पडतं. जिल्ह्याच्या गावांमधून मुंबई-पुण्याच्या संस्थांत येणाऱ्या मुलांचा केवढा ऐवज असा दर वर्षी वहीतच राहून जातो, याची मला मनापासून खंत आहे. हे पुस्तक मराठीत काढायचं खरं कारण तेच.

मांडणाऱ्याबद्दल एवढं बोलताना ऐकणाऱ्याला सोडून चालणार नाही. अमेरिकेत कॅथरिन अँथनी यांनी १९९१ मध्ये डिझाइन ज्युरींच्या पद्धतीचीच उलटतपासणी घेणारं पुस्तक लिहिलं. जागरणं, जाहीर पाणउतारा, परीक्षकांचा अहंकार यांतून विद्यार्थी नेमकं काय शिकतो, असा सवाल त्यात आहे. आपल्याकडेही शीट फाडणारे, मॉडेलचा भाग मोडून दाखवणारे शिक्षक अजून दंतकथांसारखे कौतुकानं सांगितले जातात. ते कौतुक थांबायला हवं. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास एक चार पायऱ्यांची पद्धत बसवली, ती आमच्या वर्गात उपयोगी पडली आहे. आधी पाहणाऱ्यांनी या कामातलं काय मनात राहिलं ते सांगायचं. मग करणाऱ्यानं स्वतःला पडलेले प्रश्न विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात मत दडवायचं नाही. ‘एवढं गडद का केलंस?’ हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. ‘प्रकाश ठरवताना काय विचार होता?’ हा प्रश्न. शेवटी मत द्यायचं, तेही ‘याबद्दल मला एक वाटतं, ऐकायचंय का?’ असं विचारून. आपल्या गुरु-शिष्याच्या सवयीला ही शेवटची पायरी विचित्र वाटते. दोन-तीन वेळा करून पाहिल्यावर शिक्षकांनाही जाणवतं, की परवानगी मागून दिलेलं मत मूल जास्त लक्ष देऊन ऐकतं.

हे सगळं आत्ताच निकडीचं का झालं? एक कारण अभ्यासक्रमांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्या विद्यापीठांच्या पदवी आराखड्यांत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आले. म्हणजे ज्युरीचं नावही न ऐकलेल्या कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांनाही आता आपलं काम कुणापुढं तरी मांडून दाखवायचं आहे, आणि ते कसं करायचं हे सांगणारं मराठीत फारसं काही नाही. दुसरं कारण यंत्राचं. चॅटबॉटला दोन वाक्यं दिली की गुळगुळीत प्रस्ताव, स्लाइडी, अगदी बोलायचा मजकूरसुद्धा मिळतो. मुलं ते वापरतात आणि पुढंही वापरतील. त्यामुळे प्रस्तावाच्या सफाईला आता काही किंमत उरलेली नाही, आणि परीक्षकांचा भर दुसऱ्या प्रश्नावर आला आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. ‘तू तिथं गेलीस तेव्हा पाऊस होता का? मग लोक कुठं उभे होते?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो स्वतः जाऊन उभा राहिला त्यालाच देता येतं. आमच्या लेखकांपैकी काहीजण यंत्राच्या वापराबद्दल माझ्यापेक्षा बरेच उदार आहेत, आणि त्यांचं म्हणणं पुस्तकात त्यांच्या शब्दांत आहे.

पुस्तक कसं आहे ते आता थोडक्यात. यात लिहिणारे वास्तुविशारद आहेत, डिझाइन शिकवणारे आहेत, फिल्म आणि नाटक करणारे आहेत, प्रस्ताव वाचून पैसे देण्याच्या बाजूला बसलेलेही आहेत. सगळ्यांचं एकमत करायचा आम्ही प्रयत्न केलेला नाही. कामानं स्वतःच बोलावं, बाकी बडबड कशाला, असं मानणाऱ्या एका ज्येष्ठ चित्रकारांचा लेख आम्ही आग्रहानं मिळवला. त्यांच्याशी मी सहमत नाही, पण चित्रासमोर चित्रकारानं गप्प बसण्याचेही काही क्षण असतात हे त्यांनी मला पटवलं. तंत्राचा भाग, म्हणजे आवाज, उभं राहणं, वेळ पाळणं, अंदाजपत्रक लिहिणं, हा नेटका आणि छोटा ठेवला आहे. त्यावर इंग्रजीत आणि व्हिडिओंत भरपूर सापडतं. आमचा भर पाहिलेलं टिपण्यावर, त्यातून एक वाक्य काढण्यावर आणि ते वाक्य अनोळखी माणसासमोर पुन्हा पुन्हा सांगून बदलत नेण्यावर आहे.

सगळ्यात जास्त जागा विद्यार्थ्यांच्या खऱ्या प्रस्तावांना दिली आहे. प्रत्येकाचा पहिला मसुदा, त्यावर आलेले प्रश्न आणि नंतरचा मसुदा असं सगळं शेजारी शेजारी छापलं आहे. नावं काढली आहेत, खाडाखोड ठेवली आहे. मंजूर न झालेले प्रस्तावही त्यात आहेत आणि ते कशामुळे अडले हे त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे. कुठं प्रस्ताव कच्चा होता, कुठं ऐकणारे कमी पडले. वर्गात वापरायचं असेल तर शिक्षकांनी हे मसुदे मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावेत आणि पुढचा मसुदा उघडण्याआधी त्यांना स्वतःचे प्रश्न काढायला लावावेत. विद्यार्थी वाचकांनी सरळ तिथूनच सुरुवात करावी आणि अडेल तेव्हा मागच्या लेखांकडे यावं.